दर वेळी पहिल्यापासून

"…पण बाई, इतका वेळ लागतोच कसा? यंत्रं कुठल्या कुठे गेली, आणि आपला कम्पायलर अजून रांगतोय. असं का?"

निरंजन हुपरीकर सोप्याच्या पायरीवर उभा राहूनच बोलत होता. पायांतले बूटही काढले नव्हते. सकाळच्या पहिल्या एसटीने तो कोल्हापूरहून गगनबावड्याला आला होता आणि स्टँडपासून इथवर चालत येताना धुक्याने त्याचे केस ओले झाले होते. हा प्रश्न त्याने वाटेत इतका घोळवला होता, की नमस्काराच्या आधी तोच तोंडून बाहेर पडला.

कुमुद आजगावकर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि चष्म्यातून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"आपण कोण?"

निरंजन थबकला. मग त्याला वाटलं, बाईंचं वय झालं, समोर धुकं, डोळ्यांना दिसत नसेल. त्याने बूट काढले, पुढे होऊन वाकून नमस्कार केला आणि आपलं नाव सांगितलं.

"बसा," बाई म्हणाल्या.

तो बसला. बाई त्याला कधी अहो-जाहो करत नसत. ते त्याला जरा खटकलं, पण त्याच्या डोक्यात कम्पायलर होता, म्हणून ते तेवढ्यावरच राहिलं.

बाईंनी उभा जन्म एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवण्यात घालवला. तिथेच चार हुशार पोरं-पोरी हाताशी धरून त्यांनी एक नवी संगणकभाषा रचली आणि तिला रेघ असं साधं नाव दिलं. भाषा म्हटली की दुभाषा आला. माणसाने रेघमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणारा हा दुभाषा, म्हणजे तिचा कम्पायलर. तोही त्यांनीच घडवला.

भाषा वाढली. गावोगावच्या दूध शीतकरण केंद्रांत, पाणीपुरवठ्याच्या पंपांत, साखर कारखान्यांत तिच्यावर कामं चालू लागली. बाई निवृत्त होऊन भावाकडे गगनबावड्याला येऊन राहिल्या. कम्पायलरची सूत्रं निरंजनच्या हातात आली. त्यात काय घ्यायचं आणि काय नाही, हा शब्द त्याचा. आणि तो शब्द तो जपून वापरी. जरा जास्तच जपून, असं बाकीचे म्हणत.

त्याने सांगायला सुरुवात केली.

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट होती. एका तालुक्याच्या दूध केंद्रात थंड करण्याच्या टाक्यांचा प्रोग्रॅम बिघडला. बिघाड क्षुल्लक होता. तिथल्या इंजिनिअर मुलीने तो हां हां म्हणता शोधला आणि एक ओळ दुरुस्त केली. आता फक्त कम्पायलरने नवा प्रोग्रॅम तयार करून द्यायचा होता.

कम्पायलर बसला दळत.

तो सगळा प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचत होता. ज्याला कुणी हात लावला नव्हता तेही वाचत होता, तपासत होता, नव्याने रचत होता. दुपार झाली. ऊन चढलं. टाक्यांतलं दूध कोमट झालं, मग नासलं. नवा प्रोग्रॅम हातात आला तेव्हा थंड करायला काही उरलं नव्हतं.

"सगळं दूध ओढ्यात सोडलं, बाई. दूध घालणाऱ्या बायका काठावर उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत."

आता पुढच्या आठवड्यात रेघवर काम करणाऱ्या सगळ्यांची बैठक होती. तरुण मंडळी निम्मी-अधिक उठून जायच्या बेतात होती. दुसऱ्या भाषा आहेत, त्यांचे कम्पायलर चपळ आहेत, इथे कशाला सडायचं, असं ती उघड म्हणत होती. निरंजनला त्यांच्यापुढे काहीतरी ठेवायचं होतं. त्याने बरेच उपाय काढले होते. काम वाटून एकाच वेळी अनेक यंत्रांवर करावं, मोठी यंत्रं घ्यावीत, कम्पायलरचा सगळा गाभा नव्याने लिहावा… तो बराच वेळ बोलत राहिला. बाईंनी यांतलं एक निवडून द्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

बाई शेंगा सोलत ऐकत होत्या. तो थांबला तेव्हा त्या म्हणाल्या,

"छान. आपण कोण?"

निरंजनने त्यांच्याकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. थट्टा नव्हती, संकोचही नव्हता. दारात आलेल्या पाहुण्याची माणूस चौकशी करतो, तसा चेहरा.

"निरंजन, बाई. निरंजन हुपरीकर."

"हं. आणि आपला कम्पायलर सगळं पहिल्यापासून का वाचतो?"

याचं उत्तर बाईंना ठाऊक असायला हवं होतं. तरी त्याने सांगितलं.

पूर्वी तो तसा वाचत नसे. एकदा तपासलेला भाग तो बाजूला ठेवून देई आणि त्यात बदल झाला असेल तरच पुन्हा उघडी. ही सोय सलमा मुजावरने केली होती. सलमा निरंजनच्याच वर्गातली, मिरजेची. बोलायची कमी, पण तिने लिहिलेलं वाचावं तर नितळ पाण्यात तळ दिसावा तसं असे.

तरी तिच्या हातून एक जागा सुटली. बदललेला एक भाग कम्पायलरने न बदललेला समजून जुनाच वापरला, आणि त्यापायी एका केंद्रातलं दूध रातोरात नासलं. त्या वेळी लोकांपुढे उभं राहावं लागलं ते निरंजनला. आंबूस वास, बादल्या, आणि एका म्हातारीने त्याला विचारलेलं, लेकरा, हे तुझंच काम का. ते तो विसरला नव्हता.

त्याच आठवड्यात त्याने नियम केला. जुन्या कशावरही विसंबायचं नाही. दर वेळी सगळं पहिल्यापासून.

सलमाला कुणी काही बोललं नाही. ती आपणहून बाजूला झाली, मिरजेत शिकवू लागली. पण ती निसटलेली जागा तिने दुरुस्त केली आणि काम निरंजनकडे पाठवलं. त्याने परत केलं. तिने पुन्हा पाठवलं. त्याने पुन्हा परत केलं. गेली काही वर्षं हेच चाललं होतं.

बाईंनी सोललेले दाणे एका पातेल्यात ओतले. आतून चहा आला. निरंजनने तो घाईघाईने प्यायला आणि कप खाली ठेवून पुन्हा मूळ विषयाला हात घातला.

"तर बाई, मला वाटतं गाभाच नव्याने लिहावा. तुमचं काय…"

"आपण कोण?" बाईंनी विचारलं. "गाव कुठलं? शिकलात कुठे? कुणाच्या हाताखाली?"



सकाळपासून जे तो बाजूला सारत होता ते आता बाजूला सरेना. याच बाईंनी त्याला पहिला प्रोग्रॅम लिहायला शिकवला होता. वडील गेले तेव्हा वसतिगृहावर येऊन त्याच्या शेजारी त्या गप्प बसून राहिल्या होत्या. त्या बाईंच्या डोक्यातून तो पुसला गेला होता.

"तुमच्याच हाताखाली, बाई," तो म्हणाला.

"असं का," बाई म्हणाल्या.

तो उठला. हात धुवायचं निमित्त करून परसात गेला.

बाईंचे धाकटे भाऊ वामनराव तिथे तोंडल्याच्या वेलाला मांडव बांधत होते. निरंजन त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. कसं विचारावं ते त्याला सुचेना. शेवटी त्याने हलक्या आवाजात विचारलं, की बाईंना हल्ली विसरायला होतं का. डॉक्टरांना दाखवलं का.

वामनरावांनी सुतळीची गाठ आवळली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"अक्काला? तिला विसरायला झालं तर आम्ही सुखाने जगू. मी शाळेत असताना फोडलेली बरणी ती अजून काढते." ते हसले. "काल संध्याकाळी तुझंच चाललं होतं. निरंजन यायचाय, त्याला पावट्याची उसळ आवडते, वसतिगृहातून पळून यायचा उसळीसाठी. म्हणून तर मला सकाळी सकाळी शेंगा आणायला पिटाळलं."

निरंजन तिथेच उभा राहिला.

आधी त्याला हायसं वाटलं. इतकं, की त्याने मांडवाच्या खांबाला हात टेकला. मग हळूहळू राग चढला. पुण्याहून कोल्हापूर आणि तिथून ही घाटवाट, असा तो आला होता. त्याची सगळी जमात मोडायला टेकली होती. आणि बाई त्याच्याशी खेळ करत होत्या.

तो सोप्यावर परत आला. बसला नाही.

"बाई, तुम्ही मला ओळखता."

"कशावरून?"

"मी नाव सांगितलं तुम्हांला. आलो तेव्हा."

"ते आलात तेव्हा."

"पुन्हा सांगितलं."

"ते चहाच्या आधी."

"पण चहाच्या आधी जो होतो तोच आहे मी. माझ्यात काय बदललंय?"

बाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या विचार करत असाव्यात असं वाटलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"मग दर वेळी पहिल्यापासून कशाला विचारता?"

"खात्री केलेली बरी," बाई शांतपणे म्हणाल्या. "माणसं फसवतात."

…

निरंजनचं तोंड उघडं होतं. पुढचं वाक्य त्यात तयार होतं, पण ते बाहेर आलं नाही. आपणच आत्ता काय बोललो ते त्याच्या कानांत फिरत राहिलं.

बाहेर धुकं विरळ व्हायला लागलं होतं. समोरच्या घराची कौलं दिसू लागली.

तो पायरीवर बसला. बराच वेळ बसला. बाईंनी त्याला उठवलं नाही.

"सलमाचं काम वाचलंस?" बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं. आता त्या अरे-तुरेवर आल्या होत्या.

"आलं तेव्हा प्रत्येक वेळी."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"चूक सापडली?"

"नाही."

"मग परत का केलंस?"



"…सापडली नाही म्हणून."

बाईंनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं की वर्गात हलवीत तशी. मग शेवटच्या शेंगेतले दाणे पातेल्यात टाकत त्यांनी विचारलं,

"पहिल्या खेपेला ओढ्यात काय गेलं?"

"दूध."

"आणि ऑक्टोबरमध्ये?"

निरंजनने खाली पडलेली टरफलं गोळा करायला घेतली.

दुपारी त्या तिघांनी उसळ आणि भाकरी खाल्ली. बैठकीचा, गाभ्याचा, मोठ्या यंत्रांचा विषय निघाला नाही. वामनरावांनी रानगव्यांनी कुणाचं शेत तुडवलं ते सांगितलं. निरंजनने उसळ दोनदा वाढून घेतली. निघताना तो पाया पडला तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, की स्टँडवर लवकर जा, गाडी चुकेल.

गाडीला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर बसून निरंजनने सलमाला फोन लावला. गेली कित्येक वर्षं त्यांचं बोलणं कामापुरतं आणि लेखी होतं. त्याचा नंबरही बदलला होता. तिने फोन उचलला, आणि त्याला सुरुवात कुठून करावी ते कळेना. तो नुसता खाकरला.

"बोल, निरंजन," सलमा म्हणाली.

त्याने सांगितलं, की तिचं काम तो आज आत घेतोय.



"परत वाचलंस?"

"नाही."

"न वाचता घेतोस?"

"मागच्या वेळी वाचलं होतं. त्यानंतर तू काही बदललंस का?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

"मग झालं तर."

सलमा म्हणाली, की तिचा वर्ग आहे, तिला जायला हवं. पण फोन तिने लगेच ठेवला नाही. मिरजेतल्या कुठल्याशा वऱ्हांड्यातला पोरांचा गलका निरंजनला बराच वेळ ऐकू येत राहिला.

काम आत गेलं. बैठक झाली, पण ती वादळी झाली नाही, कारण तोवर लोकांनी नवा कम्पायलर चालवून पाहिला होता. तो आता बदललेलं तेवढंच वाचायचा, आणि त्या बदलावर जे जे टेकलेलं असेल तेवढंच पुन्हा तपासायचा. बाकीचं होतं तसं ठेवायचा. पूर्वी एक ओळ बदलून लोक जेवायला जात. आता हात कीबोर्डवरून उचलायच्या आत उत्तर येई. जाणारे गेले नाहीत. गेलेल्यांतले काही परत आले. सलमाचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं, आणि ते निरंजनला सुखाने ऐकता येऊ लागलं, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटे.

सगळं सुरळीत चाललं. वैशाखापर्यंत.

वैशाखात एका केंद्रातल्या टाकीवर जुनं तापमान दिसू लागलं. टाकी तापत होती आणि काटा थंड सांगत होता. कम्पायलरने पुन्हा एका ठिकाणी बदललेला भाग जुनाच समजून वापरला होता. फार आडवळणाची जागा होती, सहसा कुणी जात नाही अशी. एका टाकीतलं दूध गेलं. बाकीच्या वाचल्या, कारण सलमाने ती जागा शोधून दुरुस्ती केली आणि ती त्याच सकाळी केंद्रावर पोहोचली.

पण दूध गेलं ते गेलंच. जुने लोक उसळले. म्हणाले, पूर्वीचाच नियम बरा होता. हळू होता, पण असा दगा देत नव्हता. जुना नियम परत आणायचा तर निरंजनच्या एका शब्दाचं काम होतं. सगळे त्या शब्दाची वाट पाहत होते. सलमाने एकदाही फोन केला नाही.

निरंजन पुन्हा गगनबावड्याला गेला.

घाटात करवंदं पिकली होती. उकडत होतं, तरी बाई सोप्यावर शाल पांघरून खुर्चीत बसल्या होत्या. वामनरावांनी त्याला दारातच सांगितलं, की महिनाभर ताप येतो-जातो, डॉक्टरांनी फार बोलू देऊ नका म्हटलंय. बाई खूप वाळल्या होत्या. शालीतून बाहेर आलेला हात पाखराच्या पायासारखा दिसत होता.

निरंजन त्यांच्या पायाशी बसला.

"बाई, पुन्हा चुकलं."

"कुणाचं?"

सलमाचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

"आमचं."

बाईंनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली की काय असं त्याला वाटलं. दूर घाटात एक ट्रक गिअर बदलत चढत होता. तो आवाज येऊन, जवळून जाऊन, थांबला.

"विश्वास ठेवला, की माणूस कधी ना कधी फसतोच का, बाई?"

"फसतो."

"आणि नाही ठेवला तर?"

"तर नाही फसत."

निरंजन त्यांच्याकडे पाहत राहिला. एवढ्या सरळ उत्तराची त्याची तयारी नव्हती.

"मग ठेवायचा कशाला?"

बाईंनी डोळे उघडले. शाल जरा वर ओढून घेतली, आणि अंगणातल्या उन्हाकडे पाहत त्या म्हणाल्या,

"तेवढा वेळ कुणाकडे आहे?"